उंबऱ्याकडचा ढाळ

ढाळ म्हटलं की माणसं आधी पोटाला हात लावतात. तो ढाळ वेगळा. फरशीकामातला ढाळ म्हणजे पाण्याला दाखवलेली वाट. मोरी असो, गच्ची असो, नाहीतर दुकानांपुढची पायवाट असो. फरशी दिसायला सपाट पाहिजे आणि असायला जराशी कललेली. दोन हात लांबीला अर्धं पेर. त्याहून कमी दिला तर पाणी ठाण मांडून बसतं, जास्त दिला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकतो आणि मिस्त्रीच्या आईबापाचा उद्धार होतो.

हे अर्धं पेर नुसत्या नजरेनं ओळखणारी ती एकच बाई. कामावरची माणसं तिला पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे पाण्यानं भरलेली आरपार दिसणारी नळी. तिची दोन टोकं दोन जागी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं आणि कुठली जागा उंच, कुठली सखल ते कळतं. बाई नळीशिवाय सांगायची. धाकट्या मुलीच्या वेळी दवाखान्यात कळा देताना मध्येच थांबून सुईणीला म्हणाली होती, "तुमच्या खोलीचा ढाळ चुकलाय. मोरी त्या कोपऱ्यात आणि उतार दाराकडे. धुतलेलं सगळं माणसांच्या पायात येत असेल." सुईण म्हणाली, "बाई, आधी हे बाहेर काढा, मग फरशीचं बघू."

पण त्या बाजाररस्त्यावर तिचं पहिलं नाव पाणसळ नव्हतं. तिथं तिला तागाबाई म्हणायचे.

सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ती रस्त्यावरच्या बारा नंबरच्या कापडदुकानात घड्या घालायला होती. गिऱ्हाईक चाळीस तागे उलगडायला लावायचं, नाक मुरडून निघून जायचं, आणि हिनं ते चाळीस तागे पुन्हा होते तसे गुंडाळून फळीवर लावायचे. हात चपळ, तोंड बंद. शेठ खूश होता. एका संध्याकाळी मोजदाद करताना एक तागा कमी भरला. मोरपंखी रंगाचा. तसा तो एकच होता दुकानात.

शेठनं तिला दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि भर बाजारात म्हणाला, "पिशवी उलटी कर."

तिनं केली. रिकामा डबा, कंगवा आणि अर्धा विणलेला लोकरीचा मोजा. तागा काही कंगव्यात लपत नाही. पण शेठ हार मानणारा नव्हता.

"आज नाही म्हणजे काल नेला असशील."

"मी नाही नेला."

"मग काय पाय फुटले त्याला?"

"मी नाही नेला, शेठ."

"चोराला कुठं खरं बोलता येतं?" शेठ म्हणाला, आणि बघायला जमलेली माणसं हसली. शेजारचा चष्मेवाला त्याच्या दारात उभा होता. त्याला ती रोज हात धुवायला पाणी द्यायची. तो हसला नाही एवढंच. पण बोललाही नाही.

घरी सासूनं ट्रंक उपडी केली. मिळालं काही नाही. तरी पुढची दोन वर्षं म्हातारी साखरेच्या डब्यात वरून बोटानं नक्षी काढून ठेवायची, सुनेनं हात घातला तर मोडेल म्हणून. दुसऱ्या कुठल्या दुकानात काम मिळेना. रस्त्यावरून गेली की हमाल एकमेकांना ढोसायचे, "आली बघ तागाबाई, खिसे सांभाळा."

पुढं अकरा महिन्यांनी ती नवऱ्याबरोबर वाळूची पाटी डोक्यावर घेऊन त्याच रस्त्यानं चालली होती. बारा नंबरच्या काचेत एक बाहुली उभी. अंगात मोरपंखी कापड. ज्या कापडाची घडी आपण शंभर वेळा घातली ते बाई विसरत नाही. त्याच्या काठाला एका जागी शाईचा ठिपका होता तो बाहुलीच्या खांद्यावर आला होता. तागा सापडला होता. हिची अब्रू मात्र कुणी फळीवर परत लावली नव्हती.

साप डूख धरतो म्हणतात. सापाला काम काय असतं दुसरं? ही बाई घमेली वाहता वाहता, पोरं वाढवता वाढवता, सासूचं मलमूत्र काढता काढता सव्वीस वर्षं डूख धरून होती. एका पैनंही कमी होऊ दिला नाही तिनं.

घमेली तिनं नऊ वर्षं वाहिली. मग नवऱ्याचे गुडघे गेले. फरशीवाल्याचे गुडघे आधी जातात, दात नंतर. तो खुर्चीवर बसून सांगायचा आणि ती थापी चालवायची. ठेकेदार आला, सांधे बघितले, म्हणाला, "आज हात सरळ चाललाय मिस्त्रीचा." नवरा म्हणाला, "माझा नाही, हिचा." ठेकेदार हसला. "बाई मिस्त्री? उद्या घमेलंही बोलायला लागेल." पण सांधे सरळ होते, आणि सरळ सांध्याला बाई-पुरुष कळत नाही. हळूहळू बाई घमेलं सोडून दोरी लावायला लागली, दोरी लावता लावता माणसं लावायला लागली. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ती बारा माणसांची मुकादम होती.

एवढ्या वर्षांत बाजाररस्ता मात्र मरायला टेकला होता. गावाबाहेरून मोठा रस्ता गेला, त्याच्या कडेला काचेची दुकानं आली, गाड्या लावायला मैदानं आली. इकडं तीसपैकी अकरा शटरं कायमची खाली. शटरांच्या पेट्यांत कबुतरं. गटार असं, की गिऱ्हाईक आधी नाक धरायचं आणि मग भाव विचारायचं. चष्मेवाला म्हणायचा, "माझं बरंय. लोकांना दुकान दिसत नाही, म्हणून तरी चष्मा घ्यायला येतील."

मग नगरपालिकेला वरून निधी आला. जमिनीखाली नवी नळवाट, दिवे, बसायला कट्टे, झाडं आणि दोन्ही बाजूंना दगडी फरशीची रुंद पायवाट. सगळा खर्च सरकारी. फरशीचं डाव्या बाजूचं काम बाईच्या टोळीला मिळालं. बारा नंबर डाव्या बाजूला.

घरी सांगितल्यावर नवऱ्यानं गुडघ्यावरचं गरम फडकं काढलं.

"कापडशेठचं दुकान कुणाच्या वाट्याला?"

"माझ्या."

"मग कसला विचार करतेस? थापी तुझी, दोरी तुझी. दे एक बोट ढाळ आतल्या बाजूला. पहिल्याच पाण्याला त्याच्या गादीखाली बेडूक."

"आणि लोक काय म्हणतील? तागाबाईनं फरशी बिघडवली. त्याचं दुकान एकदा भिजेल, माझं काम जन्माचं भिजेल."

"मग सोडून दे."

"सोडायला मी काय त्याची सून लागते?"

नवऱ्यानं फडकं परत गुडघ्यावर ठेवलं. सव्वीस वर्षांत तो एवढं शिकला होता, की या बाईच्या तोंडून एखादं वाक्य असं निघालं की पुढचं वाक्य आपण काढू नये.

खणायला सुरुवात झाली आणि कमरेएवढ्या खोलीवर काळा कातळ लागला. नळ त्याच्या खाली जाईना. नळ वर आला, नळाबरोबर रस्ता वर आला. नऊ इंच. कामावर देखरेखीला एक तरुण इंजिनीअर होती, नगरपालिकेची. तिनं सगळ्या दुकानदारांना रस्त्यातच गोळा करून सांगितलं, की रस्ता नऊ इंच वर येणार, तेव्हा ज्यांचे उंबरे खाली आहेत त्यांनी ते वर घ्यावेत. उंबरा, आतली पुढची फरशी, शटर कापून बसवणं, सगळं योजनेतून होईल. दुकान आठ दिवस बंद ठेवावं लागेल. ज्याला नको त्यानं तसं लिहून द्यावं. त्याच्या दारापुरती पायवाट दोन्ही बाजूंनी उतरती करून खाली आणू आणि उंबऱ्यापुढं पाणी जायला जाळी बसवू.

कुणीतरी विचारलं, "आणि उंबरा फोडल्यावर मोजमाप काढाल. कुणाचा किती पुढं आलाय ते?"

"नाही," इंजिनीअर म्हणाली. "जुनी हद्द बघणं हे या कामात नाही. लेखी देते हवं तर."

तिनं लेखी दिलंही. पण ज्याच्या मनात पाणी मुरत असतं त्याची ओल कागदानं जात नाही. बाई मागं उभी होती. तिनं शेठकडं पाहिलं. साठीचा झाला होता, पोट सुटलं होतं, हातातली किल्ल्यांची जुडी तीच. इंजिनीअर 'हद्द' म्हणाली तसा त्याचा हात जुडीवर आवळला.

बाईला कारण ठाऊक होतं. दुकानात असताना रोज सकाळी दार तीच झाडायची. शेठच्या बापानं कधीकाळी उंबरा दोन हात पुढं रस्त्यात सरकवला होता. जुन्या हद्दीचा दगड आतल्या फरशीत तसाच राहिला होता, वर कोरलेला बाण. त्यावर कायम पायपुसणं. तिनं ते पायपुसणं शेकडो वेळा उचलून झटकलं होतं.

इंजिनीअर तिला म्हणाली, "मावशी, तुम्ही इथल्या जुन्या. दुकानदारांना जरा समजावाल? माझं वय बघूनच ते ऐकत नाहीत."

"समजावीन की," बाई म्हणाली. "एकेकाला."

त्या क्षणी तिच्या डोक्यात काय लख्ख झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही दोन दिवसांनी सांगितलं. खरं सांगायचं. अगदी खरं, धुऊन पुसून लख्ख खरं. सव्वीस वर्षांपूर्वी खरंच बोलली होती, आणि कुणी ऐकलं नव्हतं. आता एवढीच इच्छा, की या खेपेलाही ऐकू नये.

पहिल्यांदा गेली ती सकाळी अकराला, दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना. पायरी चढली नाही. बाहेर उभी राहून म्हणाली, "शेठ, उंबरा वर घ्या."

शेठनं चष्म्यावरून पाहिलं. ओळखलं. "कोण? तू होय. मिस्त्रीण झालीस म्हणे."

"झाले. रस्ता नऊ इंच वर येतोय. उंबरा असाच ठेवलात तर दोन्हीकडचं पाणी तुमच्या दारात उतरेल. जाळीत कचरा अडकला की आत येईल."

यातला शब्द न् शब्द खरा. एवढं बोलून झाल्यावर तिची नजर गेली. गेली म्हणजे तिनं पाठवली. पायपुसण्यावर. डोळा लवायच्या आत परतही बोलावली. पण शेठ व्यापारी होता. गिऱ्हाइकाची नजर कुठल्या ताग्यावर थबकली ते बघत त्याचा जन्म गेला होता.

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. तुमच्या भल्यासाठी सांगते."

आता 'तुमच्या भल्यासाठी' हे शब्द असे आहेत, की सख्ख्या आईनं म्हटले तरी माणूस आधी खिसा चाचपतो. आणि इथं तर तागाबाई म्हणत होती. शेठ हसला. "माझं भलं बघायला मी आहे. तू फरशी बघ."

"बघते," बाई म्हणाली आणि गेली. चालताना तिला वाटलं, आज पाय हलके पडताहेत.

दुसऱ्यांदा जाताना चष्मेवाल्याला बरोबर घेतलं. त्याचा उंबरा वर येऊन झाला होता, नवं दार बघून तो स्वतःच्याच दुकानात दिवसातून दहादा ये-जा करत होता. "काका, तुम्ही फक्त उभे राहा," ती म्हणाली. तेच बोलली, त्याच क्रमानं, जरा मोठ्यानं. चष्मेवालाही म्हणाला, "शेठ, बाई बरोबर सांगते. मी केला, काही मोजमाप नाही, काही नाही."

शेठ त्याला म्हणाला, "तुझा उंबरा जागेवर आहे रे. तुला काय."

जीभ घसरली तसा तो गप्प झाला आणि पायपुसण्यावर पाय ठेवून उभा राहिला. अगदी उगाच. तिथं उभं राहायचं काहीच कारण नव्हतं.

तिसरी खेप शेवटच्या तारखेला. इंजिनीअर कागद घेऊन आली होती. बाईनं तिच्यासमोर सांगितलं, "शेठ, अजून वेळ आहे. वर घ्या."

"मावशी खरं सांगतायत हो," इंजिनीअर म्हणाली. "एवढा एकच उंबरा राहिलाय डाव्या बाजूचा."

"बाई, तुम्ही कालच्या. मी हिला सव्वीस वर्षं ओळखतो. हिला माझा उंबरा का फोडायचाय ते मला चांगलं कळतं." आणि त्यानं 'नको' लिहिलेल्या रकान्यात सही केली. सहीखाली दोन टिंबं, दोन रेघा. असल्या सहीला घाई नसते.

त्या दिवशी घरी नवऱ्यानं विचारलं, "तीनदा सांगितलंस?"

"साक्षीदारासकट."

"आणि नजर?"

"नजरेवर कुणी सही घेतं का?"

नवऱ्यानं गुडघ्यावरचं फडकं उलटं केलं. मग म्हणाला, "तुझ्याशी भांडताना इथून पुढं मी तुझ्या डोळ्यांकडं बघणार नाही."

बारा नंबरपुढची फरशी तिनं स्वतः बसवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नकाशात लिहिला होता तेवढाच ढाळ, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. दोन्ही बाजूंनी उतरत उतरत येणारी फरशी शेठच्या दारात अशी नीट येऊन थांबली, जशी लेक माहेरच्या दारात थांबते. जाळी बसवली. तीन बादल्या पाणी ओतून दाखवलं. पाणी गुमान जाळीत गेलं. शेठ आतून बघत होता. बाईनं एकदाही वर पाहिलं नाही. टोळीतला एकजण म्हणाला, "एवढं निगुतीनं तर कुणी स्वतःच्या घरात करत नाही." ती म्हणाली, "हे घरचंच काम आहे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी टँकर आले. सगळा रस्ता धुवायचा होता. वरच्या टोकापासून पाइप सोडले, माणसं खराटे घेऊन मागं. सिमेंटची धूळ, भुसा, महिनाभराचा चिखल, सगळं फरशीवरून वाहायला लागलं. पाण्याला वाट दाखवलेलीच होती.

आता शेठच्या दुकानाची एक जुनी खोड. ताग्यांवरचं प्लॅस्टिक, काठाच्या चिंध्या, दोरे, सगळं झाडून दाराबाहेर लोटायचं. पूर्वी ते रस्त्यावर उडून जायचं. आता दारात जाळी होती. आठवडाभराच्या चिंध्या तिच्यात जाऊन बसल्या होत्या.

पाणी उजवीकडून आलं, डावीकडून आलं. जाळीपाशी आलं, थांबलं, जरा विचार केल्यासारखं गोल फिरलं. मग उंबऱ्यावरून आत गेलं. पायपुसणं तरंगत गल्ल्यापर्यंत पोचलं. खालच्या फळीवरचे सगळे तागे बुडाले, आणि त्यांचे रंग एकमेकांत उतरून पाणी असं झालं, की त्याला नाव देता येऊ नये.

बाई पलीकडं कट्ट्याच्या कडा घासत होती. तिनं हातातला दगड खाली ठेवला आणि बघत राहिली. खोटं कशाला सांगा, तिला गार वाटलं. पोटापासून वरपर्यंत गार.

शेठ पिंढऱ्यांपर्यंत भिजून पायरीवर आला. माणसं गोळा झाली होती. त्यानं बोट दाखवलं आणि ओरडला, "हिनं केलं! हिनं मुद्दाम ढाळ माझ्याकडं दिला! चोर ती चोरच!"

नव्या दुकानांतली पोरसवदा माणसं बाईकडं बघायला लागली. तीच पायरी, तेच बोट. सव्वीस वर्षांचं काम, बारा माणसांची मुकादमी, सगळं त्या एका बोटाच्या टोकावर येऊन टांगलं. आता इथं कुणी हसलं असतं तर ती पुन्हा तागाबाई झाली असती.

इंजिनीअर नकाशा घेऊन धावत आली. तिनं पाणसळीची नळी मागवली. एक टोक चष्मेवाल्याच्या दारात, दुसरं शेठच्या. मापं घेतली, नकाशाशी ताडली. पुन्हा घेतली. "लिहिलाय तेवढाच आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "सुताचाही फरक नाही. काका, हा ढाळ तुम्हीच मागितलाय. ही तुमची सही."

मग तिनं वाकून जाळी उचलली आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो चिंध्यांची आणि प्लॅस्टिकची लांबलचक वेणी घेऊन. ओढतेय, ओढतेय, संपतच नाही. कुणीतरी म्हणालं, "शेठ, मीटरचा काय भाव?" आणि सगळा रस्ता हसला.

तेवढ्यात चष्मेवाला पुढं आला. घसा खाकरला. "बाईनं सांगितलं होतं. माझ्यादेखत सांगितलं. मी साक्षीला आहे."

बाईनं त्याच्याकडं पाहिलं. "यायला सव्वीस वर्षं लागली, काका," ती म्हणाली. तो मान खाली घालून आपल्या नव्या उंबऱ्यावरून आत गेला.

सूड इथंच पुरा झाला असं कुणालाही वाटेल. नवऱ्यालाही वाटलं. पण तिला त्याचे तागे भिजवायचे नव्हतेच मुळी. तागे सुकतात. तिला जे हवं होतं ते शेठच्या तोंडात होतं, आणि ते बाहेर काढायला त्याला तिच्याकडं यावं लागणार होतं.

तो आठव्या दिवशी आला. नियमच तसा होता: वर्षभर त्या फरशीला दुसऱ्या कुणी हात लावला तर तुटफुटीची जबाबदारी नगरपालिका घेणार नाही. बदल करायचा तर त्याच टोळीनं. ती रस्त्याच्या टोकाला राहिलेले सांधे भरत होती, तिथं शेठ उन्हात उभा राहिला, किल्ल्या वाजवत.

"उंबरा वर घ्यायचाय."

"घेऊ."

"कधी?"

"आधी एक गोष्ट सांगायची. ताग्याची."

तो 'कसला तागा' म्हणाला नाही, हे एक बरं केलं त्यानं. इकडं तिकडं बघून म्हणाला, "झालं गेलं ते. ये, दुकानात बसून बोलू. चहा घे."

"आत नाही. माझी पिशवी उलटी केलीत तिथं, पायरीवर. मोठ्यानं."

"आता कुणाला आठवतंय ते?"

"म्हणूनच पहिल्यापासून सांगा."

आणि हीच तर गंमत झाली. जुन्यांपैकी रस्त्यावर एकटा चष्मेवाला उरला होता. बाकी सगळी नवी माणसं. शेठ पायरीवर उभा राहून पुटपुटला, "तो तागा हिनं नेला नव्हता." समोरचा मोबाइलची कव्हरं विकणारा म्हणाला, "कुठला तागा, काका?" भांडीवाली म्हणाली, "कोण कुणाचं नेणार होतं?" तेव्हा शेठला सगळंच सांगावं लागलं. ही कोण होती, काय काम करायची, मोजदाद कशी झाली, आपण काय म्हणालो. घाम पुसत पुसत, अडखळत. मध्येच काही गाळलं की बाई खालून आठवण करून द्यायची.

"कंगवा विसरलात."

"हो. कंगवा होता पिशवीत."

"आणि?"

"एक मोजा. अर्धा."

"मग लोक हसले ते?"

"लोक हसले."

"कशाला हसले?"

शेठनं किल्ल्या दुसऱ्या हातात घेतल्या. "मी म्हणालो, चोराला कुठं खरं बोलता येतं."

भांडीवालीनं जिभेनं च्यक् केलं. मोबाइलवाल्यानं विचारलं, "मग सापडला का तागा?"

"सापडला. माळ्यावर. मीच ठेवला होता गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून." तो थांबला. मग जे बोलला ते कुणी विचारलं नव्हतं. "दुसऱ्याच दिवशी सापडला."

बाईच्या हातातली थापी तशीच राहिली. इतकी वर्षं ती धरून चालली होती की पाच-सहा महिन्यांनी कधीतरी सापडला असेल. दुसऱ्या दिवशी! म्हणजे सासू साखरेवर पहिली नक्षी काढत होती, तेव्हा तागा शेठच्या हातात होता. म्हणजे दारोदार काम मागत हिंडली त्यातल्या प्रत्येक दारी जणू शेठ तो तागा हातात घेऊन उभा होता.

तिनं वाकून थापी पाटीत ठेवली. शेठला वाटलं सुटलो. तो पायरी उतरायला लागला.

"थांबा," ती म्हणाली. "काम आठ दिवसांचं आहे. दुकान बंद असलं तरी सकाळी नऊला यायचं. इथं उभं राहायचं. सगळी गोष्ट, पहिल्यापासून. मग मी पाटीत सिमेंटचा माल कालवीन."

"रोज?"

"मला अडीच वर्षं लोक रोज तागाबाई म्हणायचे. मी तुमच्याकडून आठच दिवस मागते."

शेठनं गर्दीत उभ्या असलेल्या इंजिनीअरकडं पाहिलं. तिनं नकाशा उलगडला आणि त्यात तोंड घातलं.

तो आला. रोज आला. दुसऱ्या दिवशी भांडीवालीनं शेजारणींना बोलावलं होतं. तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाचा न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून आला. चौथ्या दिवसापासून शेठ अडखळेनासा झाला, आणि बाईला ते आवडलं नाही. "सावकाश," ती म्हणायची. "मोज्यापाशी घाई होते तुमची." मग तो परत मागं जाऊन मोज्यापाशी थांबायचा. पायपुसण्याखालचा दगड निघाला, त्याच्यावरचा बाण सगळ्यांनी पाहिला. इंजिनीअरनं दिलेला शब्द पाळला. तिनं टेप काढली नाही. त्याचंही शेठला आता काही वाटेनासं झालं होतं.

आठव्या दिवशी दुपारी उंबरा बसला. शटर कापून झालं, आतली फरशी झाली, सांधे भरले. चौकटीच्या उजव्या अंगाला एक हातभर दगड तेवढा राहिला होता. माल पाटीत ओला होता. दिवस चांगला दोन तास शिल्लक होता. टोळीतल्यानं दगड उचलून तिच्यापुढं धरला.

बाईनं दगडाकडं पाहिलं, मालाकडं पाहिलं. मग दाराआड उभ्या असलेल्या शेठकडं पाहिलं. थापी पाण्यात बुडवून स्वच्छ केली, फडक्यानं पुसली आणि पिशवीत ठेवली.

"एवढा बसवायचा ना?" शेठ म्हणाला.

"उद्या," ती म्हणाली. "नऊ वाजता."